गाडी ऑटोमॅटिक आहे, म्हणून काय झाले?



आपल्या पत्रिकेत सहसा सहलीची वर्णने, पाककृती, शब्दकोडी आणि गणपतीच्या आरासीचे कौतुक असते. या वेळी आम्ही, म्हणजे पत्रिकेचे काम बघणाऱ्या चार पालकांनी, जरा वेगळा विषय घेतला आहे. आमचे मत थोडक्यात असे: आपल्या इमारतीखाली जी साधी ऑटोमॅटिक गाडी उभी असते, तीच घेऊन आपल्यापैकी काही आईबाबांनी ऑटोक्रॉस हा खेळ शिकावा, आणि मुलांच्या हातात लायसन्स पडण्याच्या आत शिकावा.

एवढी घाई कशासाठी, ते आधी सांगतो. २९ मार्च २०२५ पासून अमिरातीत नवा वाहतूक कायदा लागू झाला आणि गाडीच्या लायसन्सचे किमान वय १८ वरून १७ वर आले. आपल्या मोठ्या गटातली काही मुले त्या उंबरठ्यावर उभी आहेत. मधल्या सुट्टीत त्यांच्या गप्पा जरा कान देऊन ऐका. कोणती गाडी किती सेकंदांत शंभरचा वेग गाठते हे त्यांना विभक्तीच्या प्रत्ययांपेक्षा चांगले पाठ आहे. आम्हाला यात वाईट काही दिसत नाही. वेगाची ओढ या वयात वाटायची नाही तर कधी? प्रश्न एवढाच आहे की ही हौस कुठे जाऊन फिटणार. रात्री उशिरा गॅलरीत उभे राहिले की अल अवीर रोडकडून इंजिनांचे जे आवाज येतात, ते कोणाच्या तरी घरच्या मुलांच्या हौसेचेच आवाज असतात.

शिक्षा पुरेशी कडक आहे. बेदरकारपणे गाडी चालवून कोणाचा जीव धोक्यात घातला तर २ हजार दिरहम दंड, २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडी जप्त. चोविसाव्या गुणाला लायसन्स जाते, म्हणजे एका रात्रीच्या मस्तीनंतर शिल्लक उरतो एक. त्यावर २०२३ साली दुबईने काढलेला ३० क्रमांकाचा हुकूम आहे. जप्त झालेली गाडी सोडवायला बेदरकार चालवण्याबद्दल ५० हजार, आणि परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावल्याबद्दल १ लाख दिरहम. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीची किंमतही तेवढी नाही! पण कायदा फक्त काय करू नये ते सांगतो. मग काय करावे, हे घरातल्या माणसांनी सांगायला हवे, आणि तिथे आपण सगळेच "हळू चालव रे बाबा" एवढे बोलून थांबतो.

आता हा खेळ म्हणजे काय ते बघू. एक मोठे, बंदिस्त, डांबरी मैदान. त्यावर प्लॅस्टिकचे नारिंगी कोन मांडून एक वळणावळणाची वाट आखलेली. (मुलांनो, इथे एक सुधारणा. मराठीत कोन म्हणजे अँगल. हा आकार आहे शंकूचा, तेव्हा यापुढे आपण शंकूच म्हणू.) एका वेळी एकच गाडी सुटते. शंकूंच्या मधून वाट काढत शेवटापर्यंत जायचे आणि घड्याळ बघायचे. शंकू पडला तर वेळेत दंड वाढतो. अमेरिकेत एका शंकूला दोन सेकंद धरतात. वाटच चुकली तर ती फेरी बाद. गाडीला गाडी घासण्याचा प्रश्नच नाही, कारण दुसरी गाडी तुमच्या आसपास नसते. वेग साधारण आपण गावातल्या रस्त्यावर ठेवतो तेवढा, साठ-सत्तरच्या घरात. गंमत वेगाची नसून वळणांची असते.

जुन्नर, खेड, आंबेगावकडच्या पालकांना हे एका शब्दात कळेल: घाट. तिकडच्या बैलगाडा शर्यतीत दोन गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एकेक बारी सुटते, घाट चढून जाते आणि किती सेकंद लागले त्यावर नंबर ठरतो. २०१४ पासून बंद पडलेल्या या शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. बैलांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे बरेच आहे, तो वाद इथे नको. पण आमच्यापैकी एकाने ऑटोक्रॉसच्या फेरीला "बारी" म्हटले आणि तो शब्द इतका चपखल बसला की आता आम्ही तोच वापरतो.

हा खेळ देशोदेशी वेगळा दिसतो. ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हटले की गवताचे मैदान, भारतात बहुधा मातीचे. डांबरावरचा, शंकूंचा प्रकार अमेरिकेत फार रुजला; तिथला स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका त्याला "सोलो" म्हणतो. मोटरखेळांची जागतिक संघटना एफआयए याला ऑटो स्लालम म्हणते. २०२२ साली फ्रान्समध्ये झालेल्या एफआयए मोटरस्पोर्ट गेम्समध्ये ऑटो स्लालम होते, आणि प्रत्येक देशाच्या संघात एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी होती. हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहिले आहे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

हा विषय काढला की पहिला आक्षेप बाबा लोकांकडून येतो. "ऑटोमॅटिकमध्ये कसली आली शर्यत? ती तर बसायची आणि न्यायची गाडी!" हा समज कुठून आला ते आम्हाला ठाऊक आहे. आपण शिकलो ते पुण्या-नाशिकात, मारुती ८०० किंवा त्याच्याही आधीच्या पद्मिनीवर. क्लच आणि गिअर हाताळता आला की माणूस ड्रायव्हर झाला, अशी आपली व्याख्या. भारतात ऑटोमॅटिक गाडी तेव्हा श्रीमंतांच्या दारात असे. सामान्य घरात ती येऊ लागली ती २०१४ ची सेलेरियो निघाल्यानंतर. त्यामुळे दोन पायांत चालणारी गाडी म्हणजे काहीतरी कमी, हे डोक्यात बसलेले आहे. इथे चित्र उलटे आहे. आपली मुले लायसन्स काढतील ते बहुतेक ऑटोमॅटिकचेच, आणि त्या लायसन्सवर त्यांना गिअरची गाडी चालवताच येणार नाही. तेव्हा "आधी मॅन्युअल शिक, मग बघू" हे उत्तर देऊन आपण त्यांना खेळाच्या दारातूनच परत पाठवतो आहोत.

आणि खरे सांगायचे तर नवशिक्याला या खेळात ऑटोमॅटिक सोयीचीच पडते. ऑटोक्रॉसची बहुतेक वाट दुसऱ्या गिअरमध्ये पार होते. गिअर बदलण्याचे काम नाही म्हटल्यावर दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात आणि डोके वाटेकडे. फक्त गिअरबॉक्सचा स्वभाव ओळखावा लागतो. दांडा नुसता डी वर ठेवला की वळणात पाय उचलल्यावर तो वरचा गिअर टाकतो, आणि वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की खालचा शोधायला क्षणभर थांबतो. त्या क्षणात बारी हातची जाते. यावर उपाय दांड्यावरच लिहिलेला असतो: २, एल किंवा एस. गाडीच्या पुस्तकात बघून त्यातले योग्य ते लावावे, म्हणजे गिअर मधेच बदलत नाही. सीव्हीटी असेल तर तिला जाग यायला थोडा वेळ लागतो, म्हणून अॅक्सिलरेटर जरा आधी आणि हळूहळू द्यावा. सुरुवातीला एका पायाने ब्रेक दाबून दुसऱ्याने इंजिन गरगरवण्याचा जो प्रकार सिनेमात दिसतो, तो करू नये. गिअरबॉक्सचे तेल तापते आणि नंतर गॅरेजवाला आनंदाने आपले स्वागत करतो. क्लचवर वाढलेल्या बाबांनी डावा पाय बाजूला स्वस्थ ठेवावा. त्याला ब्रेक सांगितला तर तो क्लच समजून दणकन दाबतो.

आमच्या मते आपल्यापैकी ज्यांना हा खेळ सगळ्यात आधी जमेल, त्या आया आहेत. सनी, कोरोला, यारिस यांपैकी जी गाडी घरात असेल ती दिवसभर कोण चालवते? शाळेच्या वेळेला, ड्रॅगन मार्टच्या गर्दीतून, मग संध्याकाळी चायना क्लस्टरपासून इंग्लंड क्लस्टरपर्यंत पार्किंगच्या शोधात? आपल्या कितीतरी आयांनी इथेच, ऑटोमॅटिकवर, दोन-दोन तीन-तीन टेस्ट देऊन लायसन्स मिळवले आहे. त्यांच्या हातात जुन्या सवयी नाहीत आणि पायात उगाच रग नाही. असे असून कौटुंबिक सहलीला निघताना किल्ली आपोआप बाबांच्या हातात जाते. ऑटो स्लालमच्या जोडीत एक स्त्री असावीच लागते, हा नियम आम्हाला म्हणूनच आवडला. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ साली भारताच्या राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचे विजेतेपद मिळवले. ते फार वरच्या पायरीचे काम झाले, पण "बायकांचा खेळ नाही" असे म्हणणाऱ्याला दाखवायला ते नाव उपयोगी पडते.

गाडीला काय लावावे लागते? जवळजवळ काही नाही. उलट काढावे लागते. डिकीतली तांदळाची गोणी, पाण्याचे कॅन, दप्तर, स्ट्रोलर, क्रिकेटची बॅट. पायाखालची मॅट तर काढायलाच हवी, ती सरकून ब्रेकखाली गेली की अनर्थ. डॅशबोर्डवरचे बाप्पा नुसत्या दुतर्फी टेपवर बसलेले असतात. त्यांना नमस्कार करून घरी देव्हाऱ्यात ठेवून यावे. हेल्मेट लागते, ते बऱ्याच ठिकाणी आयोजक तेवढ्यापुरते देतात. आसन इतके पुढे घ्यावे की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. गाडी घसरू न देणारी जी यंत्रणा असते ती सुरूच राहू द्यावी. ती बंद करायची चर्चा वर्षभरानंतर. मात्र एक गोष्ट ठाम सांगतो: उंच फोर-व्हील गाडी या खेळाला आणू नये. ती वाळूत कितीही रुबाबदार दिसो, जलद डावी-उजवी वळणे घेताना उंच गाडी कलंडण्याचा धोका असतो, आणि अनेक आयोजक तिला घेतही नाहीत.

टायरबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण शेवटी रस्त्याला गाडी चिकटते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा, ती टायरची जन्मतारीख. (मुलांनो, आज घरी जाताना आपल्या गाडीची बघा आणि पुढच्या शनिवारी सांगा.) हवा किती भरायची ते दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत असते. साधे टायर जोरात वळताना कडेवर लवंडतात, म्हणून ऑटोक्रॉसवाले त्यापेक्षा तीन-चार पौंड जास्त भरतात. अर्थात टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून, आणि घरी निघताना पुन्हा उतरवून. हवा बरोबर आहे की नाही हे बघायचे साधन मात्र आपल्या वर्गातच आहे: खडू! टायरच्या कडेवर खडूने दोन-तीन आडव्या रेघा माराव्यात, एक बारी घ्यावी आणि रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघावे. बाजूच्या अक्षरांपर्यंत पुसली असेल तर टायर फार लवंडतो आहे, हवा कमी. कडेपर्यंतही पोचली नसेल तर जास्त. पंचवीस फिल्सचा प्रयोग, आणि त्यात भौतिकशास्त्राचा एक तास होऊन जातो.

चालवण्याचे शिक्षण तर त्याहून साधे आहे. बारीच्या आधी सगळे स्पर्धक ती वाट पायी चालतात, एकदा नव्हे, तीन-चारदा. उभ्या शंकूशेजारी एक शंकू आडवा ठेवलेला असतो, त्याचे टोक कोणत्या बाजूने जायचे ते दाखवते. गाडीत बसल्यावर नवशिक्याची नजर समोरच्या शंकूला चिकटते आणि गाडी नेमकी त्याच शंकूवर जाते. नजर पुढच्या, त्याच्याही पुढच्या वळणावर ठेवायला शिकणे, हाच निम्मा खेळ. उरलेला निम्मा म्हणजे टायरची पकड ही एकाच पाकिटातल्या पैशांसारखी असते हे समजणे. ब्रेकवर सगळी उडवली तर वळायला उरत नाही. म्हणून सरळ असताना ब्रेक, मग वळण, मग बाहेर पडताना वेग. हे वाक्य ड्रायव्हिंग स्कूलमध्येही ऐकायला मिळते. पण तिथे ते ऐकले जाते आणि इथे शंकू धडाधड पडल्यावर ते पटते. उद्या पावसाच्या एखाद्या दिवशी, जेव्हा इंटरनॅशनल सिटीच्या रस्त्यांची तळी होतात, समोरच्याने अचानक ब्रेक मारल्यावर सतरा वर्षांच्या मुलाच्या पायाला हे आधीच माहीत असावे, एवढीच आमची इच्छा आहे.

एका गोष्टीसाठी तर आम्हाला हा खेळ विशेष आपला वाटतो. दिवसभरात प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच बाऱ्या येतात, एकेक मिनिटाच्या आसपास. म्हणजे प्रत्यक्ष चालवणे पाच मिनिटे! बाकीचा वेळ स्पर्धकांनीच आळीपाळीने मैदानात उभे राहून पडलेले शंकू उचलायचे, परत खुणेवर ठेवायचे, दंड मोजायचा, झेंडा दाखवायचा. पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेण्याचा मामला नाही. मांडव घालण्यापासून निर्माल्य गोळा करण्यापर्यंत ज्यांनी मंडळात काम केले आहे त्यांना यात नवे काहीच नाही. आपल्या मुलांना मात्र आहे. इथे वॉचमन, क्लीनर, डिलिव्हरीवाला यांच्या जिवावर आयुष्य चालते, आणि उन्हात उभे राहून दुसऱ्याने पाडलेले उचलायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

आता अडचणी. विम्याची पॉलिसी काढून वाचा. बहुतेक पॉलिसींमध्ये शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, तेव्हा गाडीला काही झाले तर खर्च आपला, हे धरून चालावे. गाडी कंपनीची किंवा भाड्याची असेल तर विचारच सोडून द्यावा. टायर आणि ब्रेक थोडे लवकर झिजतात. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल; मे महिन्यात डांबरावर उभे राहणे माणसालाही नको आणि गिअरबॉक्सलाही नको. जागा हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. मॉलचे पार्किंग, क्लस्टरच्या मागची मोकळी जागा, अर्धवट बांधलेला रस्ता, यांपैकी कुठेही शंकू मांडायचे नाहीत. अमिरातीत मोटरखेळांची अधिकृत संस्था एमिरेट्स मोटरस्पोर्ट्स ऑर्गनायझेशन आहे. कार्यक्रमाला तिची मान्यता आहे ना, एवढे विचारून मगच पैसे भरावेत. ज्या देशाचे मोहम्मद बिन सुलायेम चौदा वेळा मध्यपूर्वेचे रॅलीविजेते झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये एफआयएच्या अध्यक्षपदी निवडून आले, तिथे हा खेळ रीतसर खेळायला लाजायचे कारण नाही.

दुबई ऑटोड्रोम आपल्याकडून फार दूर नाही. मोहम्मद बिन झायेद रोडने मोटर सिटीपर्यंत जायचे. २००४ साली सुरू झालेल्या या ट्रॅकवर मोठ्या शर्यती होतात, आणि शेजारच्या कार्टड्रोममध्ये लहान मुलांसाठी लहान कार्ट असतात. ज्यांचे वय लायसन्सचे नाही त्यांची सुरुवात तिथून होऊ शकते. कोल्हापूरकडच्या पालकांना हे सांगायला नको. तिथे कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथली मुले परदेशात शर्यती खेळून आली आहेत, आणि तालमीइतकीच ती गोष्ट तिथे घरची समजली जाते.

"पण अभ्यास?" असा प्रश्न येणारच. हंगामात महिन्यातून एक सकाळ. एवढा वेळ तर गाडीत बसून मोबाइल बघण्यात जातो, तोही पार्किंग मिळेपर्यंत. आणखी एक शंका एका आजोबांनी काढली: "यातून मुलांना वेगाची चटकच लागेल." शंका रास्त आहे. आमचे उत्तर असे की चटक आधीच लागलेली आहे, गप्पा ऐका म्हणून वर लिहिले ते त्यासाठीच. ज्याने घड्याळासमोर शंकू पाडले आहेत, त्याला आपल्या गाडीची आणि आपली मर्यादा सेकंदात मोजून मिळालेली असते. रात्रीच्या रस्त्यावर मित्राच्या गाडीशी बरोबरी करणाऱ्याला ती मर्यादा कळते ती एकदाच.

तेव्हा आमची सूचना अशी. या हंगामात वर्गाच्या पालकांपैकी पाच जणांनी नाव द्यावे, त्यात निदान तीन आया असाव्यात. मोठ्या गटातल्या मुलांनी बरोबर यावे, वाट पायी चालावी, बाऱ्यांच्या वेळा लिहाव्यात आणि परत आल्यावर पत्रिकेसाठी वृत्तांत मराठीत लिहावा. क्लच, ब्रेक, गिअर चालतील, बाकीचे शब्द शोधून काढावेत. छोट्या गटासाठी तोपर्यंत शाळेच्या आवारात, परवानगी घेऊन, सायकलींची शंकू-शर्यत घेऊ. ड्रॅगन मार्टमध्ये शंकू मिळतील, वीस पुरेत. स्टॉपवॉच आमच्याकडे आहे. नावे लिहायची वही शनिवारी मधल्या सुट्टीत फळ्याजवळच्या टेबलावर ठेवलेली असेल. नावापुढे गाडी कोणती, टायरचे चार आकडे आणि पॉलिसी वाचली की नाही, हेही लिहावे. आणि खडूंची एक पेटी जास्त लागेल, ती ज्यांना आणता येईल त्यांनी आणावी.